जन्मस्थान आणि निष्ठा : राष्ट्रप्रमुखपदाच्या एका अटीचा इतिहास

परदेशात जन्मलेल्या नागरिकाला राष्ट्रप्रमुख होता यावे काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक राज्यघटनांत एका ओळीत दिलेले असते. पण ती ओळ कोणत्या भयापोटी लिहिली गेली, हे पाहिल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही.

२५ जुलै १७८७ रोजी जॉन जे यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचविले की, सरसेनापतिपद जन्मसिद्ध नागरिकाखेरीज कोणाच्याही हाती जाऊ नये. योगायोग असा की, त्याच दिवशी फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत मॅडिसन यांनी शासनप्रमुखाच्या निवडणुकीत परकीय सत्ता कशा हस्तक्षेप करतात, याचा दाखला म्हणून पोलंड आणि जर्मनी यांची नावे घेतली होती. १७७२ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचे लचके तोडले होते. ती आठवण ताजी होती. पुढे अमेरिकेच्या घटनेत जन्मसिद्ध नागरिकत्वाची अट आली. घटना स्वीकारतेवेळी जे नागरिक होते, त्यांना मात्र तीतून सूट मिळाली. ती आवश्यकच होती, कारण घटनेवर स्वाक्षरी करणाऱ्या ३९ जणांपैकी सात जण परदेशात जन्मलेले होते. वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर जन्मलेले हॅमिल्टन त्यांतलेच एक. त्यांना रोखण्यासाठीच ही अट घातली, ही आख्यायिका त्या सवलतीपुढे टिकत नाही.

येथे पोलंडचे उदाहरण नीट तपासायला हवे. १७६४ साली रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनच्या पाठबळावर ज्यांची राजा म्हणून निवड झाली, ते स्टॅनिस्लाव पोनियातोव्स्की पोलंडच्याच राज्यात जन्मलेले, तेथील सरदार घराण्यातले होते. परकी सत्ता दरबारात शिरली ती स्वदेशी माणसाचा हात धरून. ज्या भयातून अट जन्मली, त्या भयाला ती अट लागू पडतच नव्हती.

या अटीचा दुसरा आणि आपल्याला अधिक जवळचा अध्याय दक्षिण अमेरिकेतील गयाना या देशात घडला. शिकागोत १९२० साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या जॅनेट रोझेनबर्ग यांनी १९४३ मध्ये छेदी जगन यांच्याशी विवाह केला. छेदी हे ब्रिटिश गयानातील ऊसमळ्यांवर मजुरीसाठी नेलेल्या भारतीयांचे वंशज. जॅनेट त्याच वर्षी पतीच्या देशात गेल्या आणि १९५० मध्ये पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आले. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी अवघ्या १३३ दिवसांत निवडून आलेले सरकार बरखास्त केले. पुढे पती-पत्नी दोघांनीही तुरुंगवास भोगला. छेदी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि मार्च १९९७ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी डिसेंबरमधील निवडणुकीनंतर जॅनेट राष्ट्राध्यक्ष झाल्या.

विरोधकांनी निकाल नाकारला, राजधानीत निदर्शने उसळली. जानेवारी १९९८ मध्ये कॅरिबियन राष्ट्रांच्या मध्यस्थीने समझोता झाला आणि त्यातून घटनासुधारणेची प्रक्रिया सुरू झाली. जॅनेट यांनी ऑगस्ट १९९९ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले. २००० साली तेथील संसदेने मंजूर केलेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्राध्यक्ष जन्माने अथवा आईवडिलांच्या नात्याने गयानीज असावा, अशी अट आली. ज्या देशातील बहुसंख्य लोकांचे पूर्वज जहाजातून आले, त्या देशाने दार लावून घेतले. चोपन्न वर्षांचा सहवास आणि तुरुंगवास यांहून दाखल्यावरचे गाव वजनदार ठरले.

त्याच १९९९ सालच्या मे महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी काँग्रेस पक्षात सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा प्रश्न उपस्थित केला. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदे जन्माने भारतीय असलेल्यांसाठीच राखावीत, अशी घटनादुरुस्ती त्यांनी मागितली. पक्षातून हकालपट्टी झाल्यावर १० जून रोजी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात हाच पक्ष काँग्रेससोबत सत्तेत बसला. तत्त्व म्हणून मांडलेल्या मुद्द्याचे आयुष्य किती, हे मराठी मतदाराने पाच महिन्यांत पाहिले.

आपल्या घटनेचे ५८ वे कलम राष्ट्रपतिपदासाठी भारताचा नागरिक असणे, वयाची ३५ वर्षे पूर्ण असणे आणि लोकसभेसाठी पात्र असणे एवढेच मागते. जन्मस्थळाचा उल्लेख त्यात नाही. फाळणीच्या पार्श्वभूमीवर घडलेल्या घटनेचे हे शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. इंद्रकुमार गुजराल झेलमचे, मनमोहन सिंग गाह गावचे. दोन्ही ठिकाणे आज पाकिस्तानात आहेत. उलट झिया उल हक जालंधरला आणि परवेझ मुशर्रफ दिल्लीत जन्मले. माणूस जागचा हलला नाही तरी त्याच्या पायाखालचा देश बदलू शकतो, हे या उपखंडाने जेवढे पाहिले तेवढे थोड्यांनीच पाहिले असेल. दुसरीकडे, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले एमन डी व्हॅलेरा १९५९ ते १९७३ या काळात आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यामुळे त्यांच्या आयरिशपणाला उणेपणा आला नाही.

परकीय प्रभावाचे भय खोटे आहे, असे म्हणता येणार नाही. पण त्यावरचे उपाय निराळे आहेत : दीर्घ वास्तव्याची अट, दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाचा त्याग, आणि सर्वांत शेवटी मतदार. या तिन्ही कसोट्या माणसाने काय केले, हे विचारतात. जन्मस्थानाची कसोटी त्याने जे केलेच नाही त्याचा जाब मागते. कायद्याने नागरिक ठरविल्यावर त्याच कायद्याने त्याला ओसरीवरच थांबवायचे असेल, तर त्या नागरिकत्वात दोन पंगती मांडल्या गेल्या, असेच म्हणावे लागते. मतदाराला परका वाटणारा उमेदवार नाकारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो अधिकार त्याच्याचकडे राहावा; घटनेने तो त्याच्या वतीने आधीच वापरून टाकू नये.