एकटा राजा आणि संपलेली वेळ

सांगली हे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे तेथे खेळाडूंच्या पिढ्या घडविल्या. सातारा-सांगलीकडच्या शालेय स्पर्धांत अनेकदा शिक्षकांनाच पंच व्हावे लागते, आणि एक पेच त्यांच्यापुढे कधी ना कधी येतोच. एका मुलाची वेळ संपली आहे. दुसऱ्याकडे राजाशिवाय फक्त एक घोडा उरला आहे. मग जिंकले कोण?

या प्रश्नामागे दोन स्वतंत्र इतिहास आहेत. पहिला मोहऱ्यांचा. नवव्या शतकातील अरबी शतरंजात प्रतिपक्षाचा राजा एकटा पाडला की सामान्यतः विजय मिळे. मात करण्याची गरज नसे. आपल्याकडील देशी डावात राजा एकटा उरला की ‘बुर्जी’ झाली असे म्हणत, आणि तो पूर्ण विजय मानीत नसत. आधुनिक युरोपीय खेळात मात्र एकट्या राजालाही हरलेला धरत नाहीत. निर्णय फक्त मातेने होतो. साहजिकच ‘मात शक्य आहे का?’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

दुसरा इतिहास वेळेचा. पूर्वी एकेका खेळीवर खेळाडू तासन्‌तास घालवीत. १८६१ मध्ये लंडनला अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे जोडघड्याळ आले. वेळ संपणे हीही हार ठरली.

हे दोन नियम एकमेकांना भिडतात तेथे आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिडे’चा, आजचा नियम असा आहे: वेळ संपलेला खेळाडू हरतो, पण प्रतिपक्षाला कोणत्याही नियमबद्ध खेळ्यांनी मात करणे शक्यच नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो.

शक्य नाही हे कशावरून? पटावर पाहू. एकटा काळा राजा ए १ या कोपऱ्यात ठेवा. हे काळे घर आहे. त्याला शह देणारा उंट काळ्या घरांवरच मारा करतो. शह देणारा घोडा पांढऱ्या घरात असतो, म्हणून त्याचाही मारा काळ्या घरांवरच पडतो. ए २ आणि बी १ ही शेजारची घरे मात्र पांढरी आहेत. ती दोन्ही पांढऱ्या राजाने एकट्याने अडवायची, तर त्याला बी २ वरच उभे राहावे लागेल. पण दोन राजे शेजारी येऊ शकत नाहीत. म्हणून मात अशक्य! पटाच्या कडेला किंवा मध्यभागी हेच कारण लागू पडते. विद्यार्थ्यांना ते स्वतः तपासू द्यावे.

आता काळ्याला एक प्यादे द्या. काळा राजा एच १, त्याचे प्यादे एच २. पांढरा राजा एफ १, घोडा जी ३. ही मात आहे! काळ्याच्या स्वतःच्याच प्याद्याने त्याची वाट अडवली. म्हणजे घोड्याविरुद्ध प्यादे असलेल्या काळ्याची वेळ संपली, तर साधारणपणे तो हरतो. प्यादे नसते तर बरोबरी झाली असती. जास्त मोहरे असलेला हरतो, हे मुलांना अन्यायाचे वाटते. राजा आणि दोन घोडे यांना एकट्या राजावर मात लादता येत नाही, पण प्रतिपक्ष चुकला तर मात होऊ शकते. म्हणून तेथेही वेळ संपलेला एकटा राजा हरतो.

नियम ‘शक्य’ पाहतो, ‘सक्तीने साध्य’ नव्हे. गणितातही हा भेद पदोपदी लागतो. हरलेल्या मुलाला निकालाबरोबर त्याचे कारणही मिळायला हवे. पट तेथेच असतो. पंचाने मोहरे मांडून दाखवावेत.