गाडगेबाबांची वर्गणी आणि दिल्लीची थंडी



स्मरणिकेसाठी काही लिही, असा आग्रह दरवर्षी होतो आणि मी तो दरवर्षी टाळतो. आम्ही डिप्लोमावाले, रुळांची आणि पुलांची मोजमापे लिहिणार. लेख कुठला लिहिणार? पण गेल्या बैठकीत उत्सवाच्या शिल्लक रकमेतून थंडीत ब्लँकेटे वाटावीत असा विचार निघाला. मी एकटाच त्यावर गप्प राहिलो. का, ते सांगायला हवे म्हणून हा प्रपंच.

वर्गणी आपल्याला नवी नाही. 1893 साली लोकमान्यांनी गणपतीला सार्वजनिक रूप दिले, तेव्हापासून ती आपल्या अंगवळणी पडली आहे. पण वर्गणीतून बेघराच्या डोक्यावर छप्पर कसे उभे राहते, हे महाराष्ट्राला दाखवले ते गाडगेबाबांनी.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली परीट घरात जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांनी 1905 मध्ये घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि खापराचे गाडगे. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, रात्री कीर्तन करायचे. त्या कीर्तनातून लोकांनी दिलेला पैसा कामाला लागला. ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपुरात अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वारकऱ्यांना इतरत्र पाठ टेकायला जागा मिळत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ती बाबांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय केली.

यात मला दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, बाबांनी स्वतःसाठी किंवा नातलगांसाठी यातले काही ठेवले नाही. दुसरी, इमारत बांधून ते मोकळे झाले नाहीत. ती रोज चालवायला विश्वस्त आणि माणसे नेमली. 1956 साली बाबा गेले, तरी काम थांबले नाही. आमच्या खात्यात म्हणतात, पूल बांधणाऱ्याचे नाव पाटीवर लागते, पण गाडी चालते ती रोज रूळ तपासणाऱ्या गँगमनमुळे. तसेच हे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वडिलांना कॅन्सर झाला तेव्हा उपचारासाठी मुंबईला न्यावे लागले. हॉटेल परवडणारे नव्हते. पहिल्या दोन रात्री आम्ही बापलेक फुटपाथवर काढल्या. मग दादरला बाबांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली. वडिलांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, “आता ही सांभाळत जागायला नको.” त्या रात्री ते शांत झोपले.

ते वाक्य मला दिल्लीत कळले. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी पैसे काढून पुलाखाली झोपणाऱ्यांना ब्लँकेटे वाटली. आठवड्याने पाहिले तर निम्म्यांजवळ ती नव्हती. “विकून खाल्ली,” असे आमच्यातला एक जण म्हणाला. एका म्हाताऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, “बाबूजी, दिवसा मजुरीला जातो. ब्लँकेट ठेवू कुठे?” आमची मान खाली गेली. उणीव ब्लँकेटाची नव्हतीच, कुलूप लागणाऱ्या जागेची होती.

दिल्लीचा अनुभवही हेच सांगतो. डिसेंबर 2009 मध्ये, ऐन थंडीत, पुसा रोडजवळचा तात्पुरता रैन बसेरा हटवला गेला. आपले सांगलीकडचे गलाई बांधव राहतात त्या करोलबागेपासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर. बातम्या आल्या, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि जानेवारी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आदेश दिले. लाख वस्तीमागे एक, तोही बारा महिने चालणारा निवारा हवा, हे सूत्र त्यातून पुढे आले. त्याच वर्षी नव्या कायद्याने दिल्ली शहरी निवारा सुधार मंडळ स्थापन झाले आणि रैन बसेरे त्याच्याकडे आले. 2011 च्या जनगणनेत दिल्लीत बेघर मोजले गेले ते 46,724. रात्री स्टेशनच्या आसपास फिरणाऱ्याला हा आकडा अपुराच वाटेल.

कपड्यांचे कामही इथे नीट झाले आहे. 1999 साली अंशू गुप्तांनी घरातल्या 67 कपड्यांपासून ‘गूंज’ सुरू केली. कपडा भीक म्हणून नव्हे, गावच्या श्रमाचा मोबदला म्हणून द्यायचा, ही त्यांची रीत. 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणून माझी सूचना एवढीच. ब्लँकेटे जरूर द्यावीत, पण रस्त्यावर ट्रक उभा करून नव्हे. जवळचा एक रैन बसेरा निवडावा आणि तिथल्या माणसांना काय कमी आहे ते विचारावे. लोखंडी कपाटे असतील, गरम पाण्याची सोय असेल, उन्हाळ्यात कूलर असेल. महिन्यातून एका रविवारी आपल्यातल्या चौघांनी तिथे जावे. पहिल्या रविवारी मी येतो. खराटा माझा मी घेऊन येईन.

बाप्पाचे विसर्जन दहा दिवसांनी होते. वर्गणीचे मात्र होऊ नये.

गणपती बाप्पा मोरया!