एका दाराचं घर, दोन दारांचं घर

टीममध्ये नुसती बसून असलेली मंडळी जास्त झाली की आमचे एक सीनियर विचारायचे, "हे प्रोजेक्ट आहे की पांजरपोळ?" शब्द टोमण्याचा, पण मुंबईच्या पांजरपोळामागे एक खरीखुरी दंगल आहे, आणि तीही कुत्र्यांवरून! संस्थेतून कुत्रं दत्तक घ्यायचा विचार करत असाल तर ही गोष्ट माहीत असलेली बरी.

तर मंडळी, साल १८३२. मुंबईत कंपनी सरकारचा १८१३ पासूनचा एक नियम होता. वर्षातल्या ठरावीक महिन्यांत बेवारशी कुत्री मारायची. त्या वर्षी ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे. बक्षीस नगावर ठेवलं की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको (बग शोधण्यावर बोनस लावून बघा एकदा :)). पाळलेली कुत्रीही मारली जातात, अशी ओरड सुरू झाली. पारशी समाजात तर कुत्र्याला धार्मिक मान आहे. माणूस गेल्यावर 'सगदीद' विधीत प्रेताजवळ कुत्रा आणतात. ६ जूनला फोर्टमध्ये पारशांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांना धरून चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन, इस्माइली व्यापारीही सामील. गोऱ्या पलटणीची रसद अडली. मग लष्कर आलं, धरपकड झाली. पण शेवटी कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवायची तडजोड झाली.

हलवायची, पण कुठे? १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला, तो या प्रश्नातून. भुलेश्वरजवळचा तो भाग अजून त्याच नावाने ओळखला जातो.

आता एक बारीक फरक बघा. पांजरपोळाला एकच दार. जनावर आत येतं आणि मरेपर्यंत तिथेच सांभाळलं जातं. दया मोठीच, पण जागा संपणारच. १८६० मध्ये लंडनला मेरी टील्बी या बाईंनी हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी घर काढलं. पुढे ते बॅटर्सीला गेलं आणि त्याच नावाने प्रसिद्ध झालं. त्याच्या मूळ नावात एक शब्द होता, 'तात्पुरतं'. म्हणजे या घराला दुसरं दारही होतं. मालक सापडला तर तो नेणार, नाहीतर नवं घर शोधायचं. अर्थात त्या दाराने पुरेशी कुत्री बाहेर जात नव्हती, आणि उरलेली तिथेही मारलीच जायची. दत्तक घेणं म्हणजे हे दुसरं दार उघडणं. एक कुत्रं बाहेर गेलं की आत एकाची जागा होते.

हे मी बारामतीला घरी समजावून सांगत होतो. आई म्हणाली, "कुत्रं आणायला फॉर्म? गावात काय कमी हायेत व्हय?" तिचंही चूक नाही. आमच्याकडे, तिकडे इंदापूर तालुक्यात आजोळीसुद्धा, कुत्रं कुणी 'घेतलं' असं नसायचं. वस्तीवर कुत्री व्याली की एक पिल्लू उचलून आणायचं. धनगराच्या मेंढरांमागे कुत्री असायचीच. शेजारच्या जेजुरीच्या खंडोबासोबत तर कुत्रं असतंच, त्यामुळे दारात आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा ठरलेला. कागद कशाला? सगळी वस्तीच त्याची मालक.

प्रश्न येतो तो शहरातून. "फ्लॅटमध्ये जमत नाहीये, गावाकडे सोडू, मोकळं राहील" असं म्हणणारे तुमच्याही ऑफिसात असतील. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं माळरान आहे. तिथे चिंकारा आहेत, लांडगे आहेत. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या चिंकारांच्या मागे लागतात. त्यांच्याकडून लांडग्यांना डिस्टेंपर, रेबीजसारखे रोग लागू शकतात. पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलंय. आपण 'मोकळं' सोडलेलं कुत्रं असं दुसऱ्याच्या जिवावर उठतं, आणि बहुतेक वेळा स्वतःही उपाशी मरतं.

कायद्याचा प्रवासही इथूनच जातो. २००१ च्या केंद्राच्या नियमांनी नसबंदी आणि लस करून कुत्रं मूळ जागी सोडायचं ठरवलं. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितली. २२ ऑगस्टला तो आदेश सौम्य झाला, त्यात पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेण्याची सोयही आली. अट एकच, ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवायचा आदेश निघाला, तिथून उचललेली परत तिथे सोडायची नाहीत. म्हणजे १८३२ चाच प्रश्न, हलवायची कुठे? आणि चावा घेतलेल्या मुलाच्या आईबापांना 'भूतदया' ऐकवून हा प्रश्न सुटत नाही, हेही खरंच.

म्हणून तो फॉर्म. घरातले सगळे तयार आहेत का? भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का? लस, नसबंदी कराल का? आणि आपल्या जमातीसाठी सगळ्यात अवघड रकाना: तुम्ही ऑनसाईट गेलात तर कुत्रं कुणाकडे? गावात याचं उत्तर वस्ती देत होती. फ्लॅटमध्ये ते एका माणसाला नावानिशी लिहून द्यावं लागतं.

तो रकाना भरता येत असेल तर ब्रीडरकडे पैसे मोजण्याआधी जवळच्या संस्थेत एक चक्कर जरूर मारा. नसेल येत, तर गल्लीतल्या एखाद्या कुत्रीच्या नसबंदीचा आणि लशीचा खर्च उचला. निवाऱ्याच्या पहिल्या दारावरची गर्दी त्यानेही कमी होते.