अकलूजचं कुलूप

विट्याहून मायणी, म्हसवड, पिलीव करत गेलं की अकलूज लागतं. 1950 साली तिथल्या जैन मंदिराचं कुलूप, हरिजनांना आत जाता यावं म्हणून, सोलापूरच्या कलेक्टरांच्या हुकमाने तोडलं गेलं. विटा तेव्हा नुकतंच दक्षिण सातारा जिल्ह्यात आलं होतं. त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं 1960 मध्ये. गाव जागचं हलत नाही, सरकारी कागदावरचं नाव तेवढं बदलतं. अकलूजचा वादही तसाच कागदावरच्या नावाचा होता : जैनांना हिंदू म्हणायचं की नाही?

पहिला कागद 1947 चा, मुंबई प्रांताचा हरिजन मंदिर प्रवेश कायदा. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं दार उघडलं. वातावरण असं होतं. पण कायद्यातल्या ‘हिंदू’ शब्दात जैनही धरलेले होते, आणि ठिणगी तिथे पडली. दिगंबर मुनी शांतिसागर यांना 1924 मध्ये मिरजेजवळच्या समडोळीत आचार्यपद मिळालं होतं. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या जैन शेतकऱ्यांत त्यांचा शब्द मोठा. जैन मंदिरं या कायद्यातून वगळली जात नाहीत तोवर धान्य घेणार नाही, असा नियम त्यांनी 1948 मध्ये घेतला आणि सुमारे तीन वर्षं पाळला. सगळे जैन मात्र त्यांच्या बाजूचे नव्हते. बुंदेलखंडातले विद्वान गणेशप्रसाद वर्णी हरिजनांच्या मंदिर प्रवेशाच्या बाजूने बोलले आणि त्यापायी त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला.

दुसरा कागद दिल्लीचा. 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं. त्याच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात हिंदूंमध्ये शीख, जैन आणि बौद्ध यांचा समावेश केलेला आहे. धास्तावलेलं जैन शिष्टमंडळ संविधान लागू होण्याआधीच पंतप्रधानांना भेटलं होतं. 31 जानेवारीला नेहरूंच्या सचिवांचं उत्तर आलं : ही व्याख्या त्या तरतुदीपुरती आहे, जैन हा वेगळा धार्मिक समाज आहे, काळजीचं कारण नाही. जैन संस्था हे पत्र पुढे कित्येक वर्षं पुरावा म्हणून दाखवत आल्या.

तिसरा कागद मुंबई उच्च न्यायालयाचा, 24 जुलै 1951 चा. अकलूजच्या जैनांनी मुंबई सरकारविरुद्ध अर्ज केला होता. न्यायपीठावर मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. गजेंद्रगडकर हे साताऱ्यात जन्मलेले, तिथेच शाळा शिकलेले. निकालाचा युक्तिवाद वकिली असला तरी समजायला सोपा आहे. कायद्याने हरिजनांना इतर हिंदूंच्या बरोबरीचा हक्क दिला, त्याहून जास्त नाही. जैन मंदिरात जायचा हक्क मुळात हिंदूंनाच नसेल, तर तो हरिजनांनाही मिळत नाही. हिंदू तिथे रूढीने जात असतील, तर मात्र हरिजनही जाऊ शकतील. जैन आणि हिंदू यांच्यातला फरक पुसून टाकणं हा कायद्याचा हेतू नव्हता, असं न्यायालयाचं म्हणणं. जैन अर्जदार जिंकले. ऑगस्टमध्ये आचार्यांनी पुन्हा धान्य घेतलं.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. मोठ्या समाजात विरघळून जायची धास्ती खोटी नव्हती. शिरगणतीत जैन आकडा लहान, आणि तोही हिंदूंत मिसळला जाईल ही भीती साधार होती. पण ते वेगळेपण कोर्टात सिद्ध करायची निकड लागली कधी, तर दारात अस्पृश्य उभा राहिला तेव्हा. पुढे विवाह आणि वारसा यांचे हिंदू कायदे जैनांनाही लागू झाले. त्यावर कुणी धान्य सोडलं नाही.

1951 ची ही फट 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने बुजवली. मंदिर प्रवेशापुरते जैन, बौद्ध, शीख हे हिंदूच मानले जातील, असं त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलं. शिवाय लिंगायत आणि स्वामिनारायण संप्रदायही नावानिशी घातले. कायदा जूनमध्ये लागू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने मरण स्वीकारण्याचं जैन व्रत, घेऊन शांतिसागरांनी देह ठेवला.

गजेंद्रगडकरांपुढे हाच प्रश्न दुसऱ्या वेषात आला, 1966 च्या जानेवारीत. तोवर ते भारताचे सरन्यायाधीश झाले होते. स्वामिनारायण सत्संगींचं म्हणणं, आम्ही हिंदू नाही, म्हणून आमच्या मंदिरांना प्रवेश कायदा लागू नाही. या वेळी निकाल उलट गेला : तुम्ही हिंदूच, दार उघडा. जैनांचं वेगळेपण 2014 मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत अधिकृतपणे नोंदलं गेलं. पंचविसाव्या अनुच्छेदाचं स्पष्टीकरण मात्र जसंच्या तसं आहे.

अकलूज खटल्याच्या नावात दोनच पक्ष आहेत, जैन अर्जदार आणि मुंबई सरकार. मंदिरात जाऊ पाहणारे त्यात पक्ष म्हणून नाहीत. निकालात ते आहेत ते ‘हरिजन’ या एका शब्दात. 1938 साली मुंबई विधानसभेत याच शब्दाला हरकत घेऊन आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला होता.