दरोड्याला पाच लागतात

परवा गिरीजला, घरी, ‘चार्ली वॅरिक’ हा चित्रपट लावला. 1973 चा, डॉन सीगलचा. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही. पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा न्यू मेक्सिकोतल्या छोट्या बँकेत चेक वटवायला शिरतो. म्हातारपणही खोटं आणि प्लास्टरही. लुटलेला पैसा माफियाचा निघतो आणि मग पोलिसांचीच भीती त्यातल्या त्यात बरी वाटू लागते. वॉल्टर मॅथाऊने इतकं थंड काम दुसरीकडे क्वचितच केलं असेल.

मी म्हटलं, “काय दरोडा घातलाय!” वकिली शिकणारी भाची म्हणाली, “मामा, आधी मोज.”

आत तिघे, बाहेर गाडीत बायको. चार. म्हणजे आपल्या कायद्याने ही जबरी चोरी. दरोड्याला पाच लागतात.

हा पाचाचा आकडा 1860 च्या भारतीय दंड संहितेतला, कलम 391. आपल्या बोलीतल्या दरोड्याला असं मोजमाप नव्हतं; चौघांनी घर लुटलं तरी गाव दरोडाच म्हणे. कंपनी सरकारला मात्र धास्ती टोळ्यांची होती. त्यांच्या बंदोबस्ताला 1830 च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली वेगळं खातंच उघडलं होतं. गंमत अशी, की या गुन्ह्यासाठी इंग्रजांनी शब्द उचलला तो आपल्याकडचाच, ‘डकैती’. संहिता मराठीत आली तेव्हा त्याच्यासमोर ‘दरोडा’ बसला आणि पाचांहून कमी असलेल्यांच्या वाट्याला ‘जबरी चोरी’ हा कचेरीत बेतलेला जोडशब्द आला.

‘धाड’चं नशीब आणखी वेगळं. पूर्वी धाड लुटारूंची पडे. आता ती आयकर खात्याची पडते. दरोड्याला अशी बढती मिळाली नाही.

मथळ्यांनी मात्र हा पाचाचा हिशेब कधी मानला नाही. जुलै 2021 मध्ये विरारच्या एका बँकेत लुटीच्या प्रयत्नात महिला अधिकाऱ्याचा खून झाला. पकडला गेलेला आरोपी एकटाच, तरी बातम्यांत शब्द होता ‘दरोडा’.

1 जुलै 2024 पासून कलम बदललं, आता ते भारतीय न्याय संहितेचं 310. पाच मात्र पाचच राहिले. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ असं पुन्हा कधी वाचलंत, तर खालची नावं मोजून पाहा.