हारादा, मासाहिको

हारादा, मासाहिको (५ एप्रिल १९४३– ) : जपानी व्यावसायिक मुष्टियोद्धा, ‘फायटिंग हारादा’ या रिंगणातल्या नावानेच अधिक परिचित. जन्म टोकियोच्या सेतागाया भागात. फ्लायवेट (१९६२-६३) व बँटमवेट (१९६५-६८) या दोन गटांचा जगज्जेता. दहा वर्षांच्या कारकिर्दीत ५५ विजय, ७ पराभव. विजयांपैकी २२ नॉकआउटने. आजच्या वाचकाला हे आकडे फार मोठे वाटणार नाहीत. त्याच्याच देशाचा नाओया इनोउए चार वजनगटांत जगज्जेता झाला आणि त्यांपैकी दोन गटांत तर चारही प्रमुख संघटनांचे पट्टे त्याने एकाच वेळी कमरेला बांधले. किताब मोजण्याची हीच रीत लावली तर हारादा दुय्यम ठरतो. पण किताब ज्या वजनगटांवर उभे असतात त्या गटांचे काळानुसार तुकडे होत गेले आहेत. ते तुकडे पुन्हा जोडून हिशेब मांडला, की हारादाचे स्थान बरेच वर सरकते आणि त्याचे काही पराभवही जमेच्या बाजूला येऊन बसतात.

चांदूर रेल्वेच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा पाच-सहा किलो म्हणजे किरकोळ फरक. पन्नास किलोच्या माणसात तेच पाच-सहा किलो म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा. गावच्या दंगलीत जोड पुष्कळदा नजरेनेच लावतात आणि थोडे वजन इकडेतिकडे झाले तरी डावपेच ते भरून काढतात. मुष्टियुद्धात मात्र जड माणसाचा ठोसा सरळ हाडात उतरतो, म्हणून तिथे काटाच पंच. हारादाच्या काळी सर्वांत हलका गट फ्लायवेटचा, ११२ पौंडांचा (५०.८ किलो). त्याच्यावर बँटमवेट ११८ पौंड आणि फेदरवेट १२६ पौंड (सुमारे ५७ किलो). मध्ये एकही पायरी नव्हती. आज त्याच अंतरात सुपर फ्लाय आणि सुपर बँटम हे दोन गट आणखी आहेत, आणि फ्लायच्या खालीही गट आहेत. इनोउएने चार गट जिंकले ते १०८ पासून १२२ पौंडांपर्यंत, म्हणजे १४ पौंडांच्या पट्ट्यात. हारादाने किताबासाठी झुंज घेतली ती ११२ पासून १२६ पर्यंत. अंतर पुन्हा १४ पौंडच. एकाला त्या अंतरात चार किताब मिळू शकले, दुसऱ्याला फार तर तीन मिळाले असते. यावर कोणी म्हणेल की इनोउएला एकेका गटात चार-चार संघटनांचे पट्टे गोळा करावे लागले, हारादाला एका रात्रीत सगळे मिळत होते. म्हणणे खरे आहे, आणि त्याने इनोउए लहान होत नाही. पण तेच म्हणणे उलटून पाहिले तर हारादासमोर उभा राहणारा प्रतिस्पर्धी बहुधा त्या गटातला निर्विवाद पहिला माणूस असे. सोयीचा पट्टा निवडायला वाव नव्हता. शिवाय लढत १५ फेऱ्यांची, आज ती १२ फेऱ्यांची असते. आणि वजन लढतीच्याच दिवशी सकाळी घेत, त्यामुळे सुकवलेले अंग रात्रीपर्यंत पुरते भरून येत नसे.

या धंद्यात हारादा आला तो पोटासाठी. वडील झाडे-बागांची निगा राखणारे कारागीर. दुखापतीने ते घरी बसले आणि शाळकरी मासाहिको तांदळाच्या दुकानात कामाला लागला. तिथून तो सासाझाकी जिममध्ये जाऊ लागला. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिके नेली, त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला शरीर ही विद्या वाटते. जपानी व्यावसायिक मुष्टियुद्धात शरीर ही आधी रोजीरोटी आहे. मात्र जिमची रचना आपल्या तालमीच्या जवळची. खेळाडू एका जिमचा, जिमचा मालक हाच बहुधा त्याचा वस्ताद आणि व्यवस्थापक, आणि एकाच जिमच्या दोघांची लढत सहसा लावत नाहीत. हारादाने फेब्रुवारी १९६० मध्ये व्यावसायिक पदार्पण केले आणि त्याच वर्षअखेर नवोदितांच्या स्पर्धेत हिरोयुकी एबिहाराला गुणांवर हरवले. हाच एबिहारा १९६३ मध्ये फ्लायवेटचा जगज्जेता झाला. एबिहारा, हारादा आणि काट्सुतोशी आओकी या तिघांची त्या काळी जपानमध्ये एकत्र गणना होत असे.

जपानचा पहिला जगज्जेता योशिओ शिराई. त्याने मे १९५२ मध्ये फ्लायवेटचा किताब मिळवला. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीच्या ५७ किलो गटात कांस्यपदक घेतले आणि सुवर्ण घेतले ते शोहाची इशीई या जपानी मल्लाने. जपानला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते एकमेव सुवर्ण. लहान चणीच्या माणसांना जगात बरोबरीने उभे राहायला जागा होती ती हलक्या गटांतच, हे दोन्ही देशांना एकाच वर्षी दिसले. जपानने ते धरून ठेवले. शिराईचा किताब १९५४ मध्ये गेल्यावर आठ वर्षे जपानकडे जगज्जेता नव्हता. १० ऑक्टोबर १९६२ रोजी टोकियोत १९ वर्षांच्या हारादाने थायलंडच्या पोने किंगपेचला अकराव्या फेरीत कोपऱ्यात दाबून ठोशांचा असा मारा केला की तो दोरांनाच टेकून खाली बसला. तीनच महिन्यांनी, जानेवारी १९६३ मध्ये, बँकॉकला परतीच्या लढतीत हारादा गुणांवर हरला. ही हार किंगपेचने जितकी घडवली तितकीच काट्यानेही. हारादाचे अंग वाढत होते आणि फ्लायवेटची मर्यादा जिथली तिथे होती. वजन उतरवताना तहान अनावर होऊ नये म्हणून जिमच्या नळांना तार गुंडाळून ठेवल्याची गोष्ट त्याच्याबाबत सांगितली जाते. दंतकथेचा भाग सोडला तरी पुढचा निर्णय बोलका आहे : त्याने गट सोडला. सप्टेंबर १९६३ मध्ये मेक्सिकोच्या होसे मेडेलने त्याला सहाव्या फेरीत हरवले. वरच्या गटाने दाखवलेला हा पहिला हिसका. पुढच्या वर्षी आओकीला तिसऱ्याच फेरीत नॉकआउट करून तो आव्हानवीर झाला.

मे १९६५ मध्ये नागोयात समोर होता जगज्जेता, ब्राझीलचा एडर जोफ्रे. ५० लढतींत एकदाही न हरलेला जोफ्रे बँटमवेटच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ, असे मानणारे जाणकार आजही पुष्कळ आहेत. हारादा निकालाने जिंकला, पण पंचांचे एकमत नव्हते. इथेच पहिला आक्षेप येतो : लढत जपानमध्ये, प्रेक्षक जपानी आणि निकाल दुभंगलेला. आक्षेप रास्त आहे, आणि फक्त या एका लढतीवर भिस्त ठेवली तर त्याला पुरते उत्तर नाही. पण पुढच्या वर्षी टोकियोच्या बुडोकानमध्ये दोघे पुन्हा भिडले आणि या वेळी पंचांचे एकमत हारादाच्या बाजूने पडले. याहून भक्कम पुरावा त्याच बुडोकानमधला, फेब्रुवारी १९६८ चा : ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांच्या लायनेल रोझने १५ फेऱ्यांनंतर हारादाचा किताब गुणांवर नेला. घरच्या मैदानाने निकाल ठरत असते तर ती रात्र तशी संपली नसती. दुसरा आक्षेप असा की जोफ्रे तेव्हा उताराला लागला होता, त्यालाही वजन जड जात होते. जोफ्रे नंतर परतला आणि १९७३ मध्ये फेदरवेटचा जगज्जेता झाला. उताराला लागलेल्या माणसाला सात-आठ वर्षांनी असे शिखर गाठता येत नाही. ७८ लढतींच्या त्याच्या कारकिर्दीत पराभव दोनच, आणि दोन्ही हारादाकडून. बँटमवेटमध्ये हारादाने किताब चारदा राखला : अ‍ॅलन रुडकिन, जोफ्रे, जुना हिशेब बाकी असलेला मेडेल आणि कोलंबियाचा बर्नार्डो काराबालो यांच्याविरुद्ध. जोफ्रेबरोबरच्या दुसऱ्या लढतीचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण ६३.७ टक्के घरांत पाहिले गेले. जपानच्या प्रेक्षकनोंदीतल्या सर्वाधिक आकड्यांत तो आजही गणला जातो.

नॉकआउट कमी, हा तिसरा आक्षेप. ५५ पैकी २२ हे प्रमाण खरोखर मोठे नाही. पण हारादाची ताकद एका ठोशात नव्हती. तो तीन मिनिटे हात न थांबवता पुढे सरकत राही आणि समोरच्याला अंतर घेऊ देत नसे. जोफ्रेसारख्या अचूक ठोसा मारणाऱ्याविरुद्ध हेच शस्त्र कामी आले; मेडेलसारख्या मागे सरकत वाट पाहणाऱ्याविरुद्ध पहिल्यांदा ते उलटले. शैलीची ही किंमत आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

फेदरवेटच्या किताबासाठी हारादा जुलै १९६९ मध्ये सिडनीत जगज्जेत्या जॉनी फेमशॉनविरुद्ध उतरला. गुण देणारा एकटा पंच, माजी जगज्जेता विली पेप. हारादाने फेमशॉनला अनेकदा खाली पाडले. शेवटी पेपने आधी दोघांचेही हात वर करून लढत बरोबरीत असल्याची खूण केली, मग गुणपत्रक पुन्हा तपासून एका गुणाने फेमशॉनला विजयी ठरवले. यावरून हारादाला तीन गटांचा जगज्जेता म्हणावे, असा आग्रह जपानी लिखाणात अधूनमधून दिसतो. कोशाला तो मान्य करता येत नाही. निकाल वादग्रस्त असला तरी निकालच आहे. आणि जानेवारी १९७० मध्ये टोकियोत झालेल्या परतीच्या लढतीत फेमशॉनने हारादाला चौदाव्या फेरीत नॉकआउट केले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. या नोंदीतला हिशेब दोन गटांचाच राहतो. ११२ पौंडांपासून सुरू झालेला माणूस १२६ पौंडांच्या जगज्जेत्याला परक्या गावात लोळवतो आणि एका गुणाने मागे राहतो, ही बाब मात्र दोन या आकड्यात मावत नाही.

या पराभवानंतर तो निवृत्त झाला, वय २६. पुढे त्याने स्वतःची जिम चालवली आणि १९८९ पासून २०१० पर्यंत जपानच्या व्यावसायिक मुष्टियुद्ध संघाचे अध्यक्षपद सांभाळले. १९९५ मध्ये अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मानदालनात त्याच्या नावाचा समावेश झाला.