इंधनाचा भाव आणि घरचा जमाखर्च

महागाईचा इतिहास बहुधा भावांच्या कोष्टकांतून सांगितला जातो. अमुक साली ज्वारी इतक्या रुपयांना, तमुक साली तेल इतक्या पैशांना, असे आकडे एकाखाली एक मांडले म्हणजे त्या काळचे चित्र पुरे झाले असे अभ्यासकास वाटते. परंतु सामान्य संसारी माणूस महागाईची सगळी किंमत पैशांतच चुकती करीत नाही. पैसा अपुरा पडू लागला म्हणजे तो आपल्याजवळचे दुसरे धन बाहेर काढतो. हे धन म्हणजे त्याचा वेळ. बसचे भाडे वाचविण्यासाठी तो पायी चालतो, स्वस्त जिन्नस मिळावा म्हणून दुकानापुढे तासन्‌तास तिष्ठतो. या तासांची नोंद कोणत्याही कोष्टकात होत नाही. इंधनाच्या भाववाढीचा विचार करताना तर ही न झालेली नोंद विशेष महत्त्वाची ठरते. १९७३ आणि १९७४ या दोन वर्षांत भारतातील घरोघरी जे घडले, त्यावरून हे स्पष्ट दिसून येईल.

त्या दोन वर्षांकडे वळण्यापूर्वी खनिज तेल आपल्या घरात शिरले कसे, हे थोडक्यात पाहणे उपयुक्त होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आणि पुढे रशियातून दिव्याचे तेल भारतात येऊ लागले. इंग्रजीतील ‘रॉक ऑइल’चे मराठीने ‘रॉकेल’ केले, ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’ केले, आणि ही परकी वस्तू इतकी आपलीशी करून घेतली की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. एरंडेलाचा आणि करडईचा दिवा मागे पडला, कंदील आणि चिमणी आली. तेलाचा रिकामा डबासुद्धा वाया गेला नाही. कोणी त्यात पाणी भरले, कोणी धान्य साठविले, कोणी तो उलगडून झोपडीवर पत्रा म्हणून ठोकला. पुढे स्टोव्ह आला आणि रॉकेल माजघरातून स्वयंपाकघरात पोहोचले.

मात्र या आपलेपणाबरोबर एक परावलंबनही घरात शिरले. एरंडीचे पीक गावच्या शिवारात होते. रॉकेलचा भाव गावाबाहेर, किंबहुना देशाबाहेर ठरत होता. १९२७ साली न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने रशियन रॉकेल भारतात आणले, तेव्हा शेल कंपनीने चिडून भाव खाली ओढले आणि हिंदुस्थानच्या बाजारात भावयुद्ध जुंपले. ते जगभर पसरू लागताच १९२८ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅक्नाकॅरी येथील वाड्यात बड्या तेल कंपन्यांचे प्रमुख एकत्र जमले आणि त्यांनी आपापसांत बाजार वाटून घेतले. खेड्यातल्या चिमणीत किती तेल घालावे, याचा निर्णय अशा रीतीने त्या चिमणीपासून हजारो कोसांवर होत होता.

दुसऱ्या महायुद्धाने या परावलंबनाची पहिली कडक जाणीव करून दिली. १९४१ साली भारतात पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाले. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले आणि एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी येनान्जाऊंग येथील तेलविहिरी स्वतःच्या हातांनी उद्ध्वस्त केल्या. भारताला रॉकेल पुरविणारा ब्रह्मदेशचा झरा एकाएकी आटला. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी त्या काळी रस्तोरस्ती दिसू लागल्या. गाडीच्या मागे लोखंडी भट्टी बसविलेली असे. ती पेटवून, पंख्याने फुलवून, गॅस धरेपर्यंत उतारूंनी वाट पाहावी, चढणीवर गाडी दमली तर खाली उतरावे, असा तो प्रवास होता. पेट्रोलची उणीव कोळशाने भरून काढली, आणि कोळशाची उणीव उतारूंच्या वेळाने.

युद्ध संपले, स्वातंत्र्य आले आणि पाठोपाठ स्वस्त तेलाचा काळ आला. १९५४ आणि १९५५ साली मुंबईजवळ तुर्भे येथे दोन तेलशुद्धी कारखाने उभे राहिले, १९५७ साली विशाखापट्टणम येथे तिसरा सुरू झाला. या सुकाळात जे निर्णय झाले, त्यांचा परिणाम पुढे दिसावयाचा होता. शहरांनी विजेच्या ट्राम मोडीत काढल्या. मद्रासची ट्राम १९५३ साली बंद झाली, दिल्लीची १९६३ साली, आणि मुंबईची ३१ मार्च १९६४ रोजी. कलकत्त्याने तेवढी आपली ट्राम राखली. ट्रामची जागा डिझेलवर धावणाऱ्या बसने घेतली. खेड्यांत मोटेच्या जागी डिझेल इंजिने आली, रेल्वेत वाफेच्या इंजिनांशेजारी डिझेलची इंजिने आली, शेतात रासायनिक खते आली. हे सारे त्या वेळी प्रगतीचेच होते, आणि त्यातील बरेचसे खरोखरच हिताचे होते. परंतु भारताला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे दोन तृतीयांश तेल परदेशांतून येत होते, आणि ते स्वस्तच राहील हे गृहीत धरले गेले होते.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी अरब राष्ट्रे आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटले. १६ ऑक्टोबर रोजी इराणी आखातातील तेलउत्पादक राष्ट्रांनी एका पिंपाचा जाहीर भाव ३.०१ डॉलरवरून ५.१२ डॉलरवर नेला. १ जानेवारी १९७४ पासून तो ११.६५ डॉलर झाला. भारत अरबांच्या मित्रांत मोडत असल्यामुळे त्याच्यावर तेलबंदी नव्हती. माल मिळत होता, मोल मात्र परवडत नव्हते. १९७२–७३ साली भारताच्या तेल-आयातीचा खर्च सुमारे २०४ कोटी रुपये होता. १९७३–७४ साली तो ५६० कोटींवर आणि १९७४–७५ साली ११५७ कोटींवर गेला. आधीच्या वर्षीचा भीषण दुष्काळ लोक अद्याप विसरले नव्हते. अशा स्थितीत घाऊक भावांची पातळी १९७३–७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी आणि त्याच्या पुढल्या वर्षी सुमारे २५ टक्क्यांनी चढली.

सरकारने नोव्हेंबर १९७३ च्या आरंभी पेट्रोलवरील कर वाढवून त्याच्या किमतीत मोठी वाढ केली. राजधानीत त्याचे पडसाद नाट्यपूर्ण रीतीने उमटले. पंतप्रधान इंदिरा गांधी पेट्रोल वाचविण्याचा आदर्श म्हणून घोडागाडीतून निघाल्या, आणि १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत आले. वृत्तपत्रांना छायाचित्रे मिळाली. परंतु खरा प्रश्न मोटारींचा नव्हताच. मोटार बाळगणारा भारतीय त्या काळी विरळा होता, आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पेट्रोल ही चैन आहे, ती महाग झाल्याने गरिबाचे काही बिघडत नाही, असे जे समर्थन केले जाई ते वरवर पाहता पटण्याजोगे होते.

ते अपुरे का होते, हे समजण्यासाठी एका पिंपाचे काय होते ते ध्यानात घेतले पाहिजे. कच्चे तेल तापवून गाळले म्हणजे त्यातून हलके पेट्रोल निघते, मधल्या थरातून रॉकेल व डिझेल निघते, आणि तळाशी जड तेल राहते. पेट्रोलचा खप कमी केला म्हणून रॉकेल वाढत नाही. उलट रॉकेल आणि डिझेल हे जवळचे भाऊ. एकाला अधिक द्यावे तर दुसऱ्याला कमी पडते. डिझेल मालमोटारींना आणि शेतीच्या पंपांना हवे, रॉकेल चुलीला आणि दिव्याला हवे. रॉकेल स्वस्त ठेवावे तर ते डिझेलमध्ये मिसळले जाते आणि दुकानातून नाहीसे होते. महाग करावे तर गरिबाचा दिवा विझतो. खते महागली म्हणजे धान्य महागते, मालमोटारीचे भाडे चढले म्हणजे भाजी महागते. ज्याने आयुष्यात एकदाही पेट्रोल विकत घेतले नव्हते, त्याच्या ताटापर्यंत आखातातला भाव असा वाटावाटांनी येऊन पोहोचला.

कामावर जाण्यायेण्याच्या बाबतीत मुंबईकर एका अर्थी सुदैवी होता. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली, आणि त्यानंतर उपनगरी लोहमार्ग विजेवर चालत आले. लोकलचे चाक पेट्रोलवर फिरत नव्हते आणि मासिक पास हा चाकरमान्याचा मोठाच आधार होता. पण लोकल स्टेशनापर्यंतच नेते. स्टेशनापासून कचेरी, गिरणी वा बिऱ्हाड यांमधली वाट बसची होती, आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड या वाटेवर पडली. मैल-दीड मैल चालून जाणे हा वरकरणी बिनखर्चाचा उपाय होय. त्याचा खर्च पहाटे लवकर उठणाराच जाणतो. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, तेथे सायकलीने बराच भार उचलला. दिल्लीसारख्या शहराला असा लोकलचा आधार नव्हता. तेथील नोकरदाराची सारी भिस्त बसवर होती.

घरात मात्र सर्वांत जास्त ओढाताण झाली ती गृहिणीची. १९७३ साली गॅसची शेगडी थोड्या घरांत होती. मध्यमवर्गीय व कामकरी घरांत वातीचा किंवा पंपाचा स्टोव्ह होता. शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल मोजके, आणि तेही दुकानात आले तर. मग आधी डबा रांगेत ठेवावयाचा, त्याच्यावर पोर राखणीला बसवावयाचे, स्वतः घरचे काम उरकून परत यावयाचे, हा दिनक्रम ठरून गेला. रॉकेल वाचविण्यासाठी भुशाची शेगडी पुन्हा बाहेर निघाली. मधोमध बाटली उभी करावी, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरावा, बाटली अलगद काढून घ्यावी आणि त्या पोकळीत जाळ धरावा. भुसा वखारीतून स्वस्तात मिळे. तो आणण्याचे, ठासण्याचे आणि धुरात डोळे चोळीत बसण्याचे मोल कोणी लावीत नसे. खेड्यांत तर रॉकेल हा प्रकाशाचाच प्रश्न होता. पुढे १९८१ च्या जनगणनेतही ग्रामीण भागातील शंभर घरांपैकी केवळ पंधराएक घरांत वीज असल्याचे आढळले. बाकीच्या घरांत तेल संपले की दिवस संपत असे.

या न मोजलेल्या श्रमांना वाचा फोडली ती स्त्रियांनीच. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर या एरवी भिन्न पक्षांच्या नेत्या तीत एकत्र आल्या, हीच गोष्ट प्रश्नाची तीव्रता सांगून जाते. धान्य, साखर, खाद्यतेल आणि रॉकेल रास्त भावात व पुरेसे मिळावे, ही त्यांची मागणी होती. हजारो स्त्रिया हाती लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि ‘लाटणे मोर्चा’ हा शब्द मराठीत रूढ झाला. थाळ्या वाजवून मंत्र्यांना जाब विचारण्यात आला. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहाच्या खाणावळीचे बिल वाढले, तेव्हा त्या एका ठिणगीतून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. जमाखर्चाची वही राजकारण घडवू शकते, हे त्या वर्षी देशाने पाहिले.

मिळकतीच्या बाजूनेही घर आवळले जात होते. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी देशव्यापी संप केला; वाढत्या महागाईशी वेतन जुळावे हा त्यामागील मोठा आग्रह होता. संप कठोरपणे मोडण्यात आला आणि २७ मे रोजी मागे घेतला गेला. जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत जमा करावयास लावला. बाजारात पैसा कमी खेळावा हा त्यामागील हेतू अर्थशास्त्राच्या दृष्टीने समजण्यासारखा होता; पण पगाराचे पाकीट घरी नेणाऱ्यास हाती न पडलेल्या भत्त्यातून वाण्याचे बिल भागविता येत नव्हते.

देश या आघातातून सावरला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढले आणि मे १९७६ मध्ये त्या क्षेत्रातून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. एसो व बर्मा-शेल या कंपन्या अनुक्रमे १९७४ आणि १९७६ साली राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. पुढे कमी रॉकेलवर अधिक आच देणारा ‘नूतन’ स्टोव्ह बाजारात आला, आणि कालांतराने गॅसच्या टाकीने रांगेचा डबा बहुतेक शहरी घरांतून हद्दपार केला. २०१० साली पेट्रोलचा आणि २०१४ साली डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला; २०१७ पासून तो रोजच्या रोज ठरविण्याची पद्धत आली, आणि २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली. चैनीची म्हटली गेलेली दुचाकी एव्हाना कोट्यवधी घरांची गरज झाली होती.

साधने पालटली, तरी हिशेबाची रीत पालटली नाही. इंधन महागले म्हणजे कोणी मुलाची शिकवणी लांबणीवर टाकतो, कोणी रिक्षा सोडून बसची वाट पाहतो, कोणी दोन बसऐवजी एकच बस घेऊन उरलेले अंतर चालतो. गावोगावी गॅसची टाकी आली खरी. पण ती महागली की सरपणाची मोळी पुन्हा बाईच्या डोक्यावर चढते. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्याला भाववाढ रुपयांत मोजावी लागते, टोकाला राहणाऱ्याला ती तासांत मोजावी लागते. म्हणून भाव किती चढला, एवढे विचारून राज्यकर्त्यांचे किंवा इतिहासकारांचे काम संपत नाही. त्या भावापायी कोणाचे किती तास गेले आणि त्यांतले किती स्त्रियांचे होते, हाही आकडा वहीत यावयास हवा. १९७३ साली लाटणे घेऊन निघालेल्या स्त्रियांनी राज्यकर्त्यांपुढे जो हिशेब ठेवला, त्यात हे तासही धरलेले होते.